‘ठीक आहे’ला दहापैकी किती मार्क?

‘‘कसं वाटतंय?’’
‘‘ठीक आहे.’’

डॉक्टरांच्या केबिनमधला हा डायलॉग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मारलेला असतो. बाहेर दीड तास वेटिंग, आत जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट चाळतात, बीपी बघतात, एखादी गोळी बदलतात. आपणही ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे! खरं तर आठवडाभर धड झोप लागलेली नसते, जेवण जात नसतं, ऑफिसचा जिना चढताना दम लागत असतो. पण ‘एवढ्याशासाठी डॉक्टरांचा वेळ काय खायचा’ हा आपला खास मराठी संकोच आड येतो.

आता गंमत बघा. साखर मोजायला मशीन आहे, हाड बघायला एक्स-रे आहे. पण थकवा, मळमळ, ठणका आणि उदासी यांचं काय? यातलं काहीच स्कॅनमध्ये दिसत नाही. ती माहिती जगात एकाच माणसाकडे असते, खुद्द पेशंटकडे. आणि नेमका तोच ‘ठीक आहे’ म्हणतो!

हा पीआरओ वेगळा

मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी. त्यामुळे ‘पीआरओ’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हसतमुख जनसंपर्क अधिकारीच येतो. पण वैद्यकीय संशोधनात पीआरओ म्हणजे ‘पेशंट रिपोर्टेड आउटकम’. फंडा सोपा आहे. तब्येतीबद्दल पेशंटनं स्वतः जे सांगितलं, ते जसंच्या तसं नोंदवायचं. डॉक्टर, नर्स किंवा नातेवाईक, कुणीही मध्ये पडून त्याचा अर्थ लावायचा नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, 2009 साली याची रीतसर मार्गदर्शक तत्त्वं काढली.

‘पण हे तर मोघम झालं ना?’ असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच या प्रश्नावल्या वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेल्या असतात. कॅन्सर पेशंटसाठी युरोपात तयार झालेल्या ‘क्यूएलक्यू-सी 30’मध्ये 30 प्रश्न आहेत आणि बहुतेकांचं उत्तर ‘अजिबात नाही’पासून ‘खूप जास्त’पर्यंतच्या चार पर्यायांतून निवडायचं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची ‘प्रो-सीटीसीएई’ तर उपचारांच्या 78 त्रासांबद्दल विचारते. किती वेळा झालं, किती तीव्र होतं आणि रोजच्या कामात किती आड आलं? तेही फक्त गेल्या सात दिवसांतलं. कारण महिन्यापूर्वीचं दुखणं आपल्याला नीट आठवत नाही.

सुईची गोष्ट

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या एका मावशीमुळे. मावशी ब्लाऊज शिवते. गल्लीतल्या तीन पिढ्यांची मापं तिच्या वहीत आहेत. मध्यंतरी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. तिला दिलेल्या औषधानं काही जणांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम होतो. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. मावशीचीही झाली. पण दर वेळी ओपीडीत तिचं उत्तर एकच, ‘बरं आहे’. ब्लड काउंट चांगले होते, त्यामुळे फाइलही ‘बरं आहे’च म्हणत होती.

मग एकदा हुक लावताना सुई बोटात घुसली, कापडावर रक्ताचा डाग पडला आणि तिला कळलंच नाही. डाग पाहिला तिच्या मुलीनं. पुढच्या व्हिजिटला मुलीनं सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. आज मावशी कॅन्सरमधून बाहेर आहे, मशीन चालवते. पण हुक-काजाचं बारीक काम आता बाहेर देते. बोटांची जाणीव पूर्ण परत आलेली नाही. तिला विचारलं तर म्हणते, आजार एवढा मोठा, त्यात मुंग्यांचं काय घेऊन बसायचं!

‘तुमच्या हातापायांना मुंग्या येतात का, किती, आणि त्यामुळे काम अडतं का?’ हा प्रश्न त्या प्रश्नावलीत चक्क छापलेला आहे. तिच्या हातात मात्र तो कागद कधी आला नाही.

एक टॅब्लेट, बारा प्रश्न

नुसतं विचारून काय होणार, असं वाटतंय? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. इथन बाश यांच्या टीमनं 766 पेशंटवर हेच तपासलं. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला, केमो चालू. एका गटाची नेहमीसारखी काळजी घेतली गेली. दुसऱ्या गटानं थकवा, दुखणं, उलटी, धाप अशा 12 लक्षणांची नोंद स्वतः टॅब्लेट किंवा कॉम्प्युटरवर केली. त्रास वाढला की नर्सला ई-मेल अॅलर्ट! मग फोन, औषधात बदल किंवा तातडीनं बोलावणं.

नेहमीच्या गटात 41 टक्के पेशंटना इमर्जन्सी वॉर्ड गाठावा लागला, नोंदी करणाऱ्या गटात 34 टक्क्यांना. आणि 2017 मध्ये आलेल्या आकड्यांनी तर सगळ्यांचे कान टवकारले. नोंदी करणारे पेशंट सरासरी पाच महिने जास्त जगले होते. मध्यक 31.2 महिने, विरुद्ध 26.

आता थोडा ब्रेक लावू या. हा अभ्यास एकाच मोठ्या हॉस्पिटलातला होता. नंतर अमेरिकेतल्या 52 छोट्या-मोठ्या कॅन्सर सेंटर्समध्ये 1,191 पेशंटवर ‘प्रो-टेक्ट’ नावाची चाचणी झाली. तिच्या 2025 मधल्या अंतिम निकालात आयुर्मानातला फरक दिसला नाही. मात्र हालचाल, त्रासावरचं नियंत्रण आणि जगण्याचा दर्जा सुधारला, इमर्जन्सीची वेळही लांबली. म्हणजे हा जादूचा दिवा नाही. पण जेवढे दिवस आहेत ते बरे जाणं, ही काय छोटी गोष्ट आहे?

औषधांच्या चाचण्यांमध्येही हे मार्क महत्त्वाचे ठरतात. मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजारावरच्या रुक्सोलिटिनिबच्या चाचणीत प्लीहेची सूज किती उतरली हे तर मोजलंच. शिवाय पेशंटनी रात्रीचा घाम, खाज, पोटातलं दुखणं यांना रोज मार्क दिले. औषध घेणाऱ्या 45.9 टक्के पेशंटचा त्रास निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त 5.3 टक्क्यांचा. 2011 मध्ये या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. इंग्लंडमध्ये तर 2009 पासून सरकारी आरोग्यसेवा गुडघा आणि खुबा बदलणाऱ्या पेशंटना ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनी ‘आता कसं चालताय?’ हे विचारते.

मराठीत ‘डिप्रेस्ड’ कसं विचारायचं?

आपल्याकडे? परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये यातल्या अनेक प्रश्नावल्यांची मराठी आणि हिंदी भाषांतरं झाली आहेत, भारतीय पेशंटवर तपासलीही गेली आहेत. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दोन जण वेगवेगळं मराठी भाषांतर करतात, ते जुळवून एक केलं जातं. मग मूळ न पाहिलेली माणसं ते परत इंग्रजीत आणतात. शेवटी ते खऱ्या पेशंटना वाचून दाखवतात, काय समजलं ते विचारतात. कारण ‘डिप्रेस्ड’ला उदास म्हणायचं, निराश की खचलेलं? शब्द चुकला की उत्तर चुकतं.

खरी अडचण पुढे आहे. फॉर्म भरून फाइलला लावला आणि कुणी पाहिलाच नाही, तर तो रद्दीच. न्यूयॉर्कमध्ये फरक पडला, कारण अॅलर्ट वाचणारी आणि फोन करणारी नर्स होती. आपल्या तुडुंब ओपीडीत ते माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न उरतोच. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही? ‘प्रो-टेक्ट’मध्ये साध्या फोनवर आपोआप येणाऱ्या कॉललाही उत्तर देता येत होतं. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग आहे.

तुम्ही काय करू शकता?

आई-बाबांची ट्रीटमेंट असो, नाहीतर तुमची स्वतःची मायग्रेन किंवा पाठदुखी, एवढं कराच :

* गेल्या सात दिवसांत काय त्रास झाला, ते मोबाईलमध्ये किंवा डायरीत रोज दोन ओळींत लिहा. त्याला शून्य ते दहापैकी मार्क द्या.
* त्या त्रासामुळे कुठलं काम अडलं, ते लिहा. ‘पाठ दुखते’पेक्षा ‘लोकलमध्ये दोन स्टेशनंही उभं राहता येत नाही’ हे डॉक्टरांच्या जास्त कामाचं.
* पेशंटनं स्वतः मार्क द्यावेत. तुम्ही फक्त लिहून घ्या, बदलू नका!
* आत गेल्यावर सर्वांत जास्त मार्कांचा त्रास आधी सांगा.
* हॉस्पिटलमध्ये मराठी प्रश्नावली आहे का, ते विचारा.
* केमो चालू असताना ताप, धाप किंवा छातीत दुखणं असं काही झालं, तर डायरी बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटलला फोन करा.

आपण हॉटेलच्या पावभाजीला स्टार देतो, कॅबच्या ड्रायव्हरला रेटिंग देतो. मग आपल्या दुखण्यानंच काय घोडं मारलंय? पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं, तर ‘ठीक आहे’ गिळून टाका आणि खरे मार्क सांगा.