जुन्या जीपमधील ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेकमध्ये रूपांतर

ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेकमध्ये रूपांतर म्हणजे मूळ रचनेत चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या चारचाकी-चालन वाहनाच्या पुढील, आणि क्वचित मागीलही, चाकांना डिस्क ब्रेक बसविण्याचे काम होय. विलीस जीप व तिच्या वंशातील वाहने, जुनी टोयोटा लँड क्रूझर, जुनी लँड रोव्हर अशा वाहनांवर हे काम जगभर केले जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने विलीस पद्धतीच्या जीपचा विचार केला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९५३ साली अमेरिकेत आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादन अमेरिकेत थांबल्यावरही भारतात दीर्घकाळ चालू राहिले. त्यामुळे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत व घाटमाथ्यावर ही जीप आजही आढळते.

== ड्रम ब्रेकच्या मर्यादा ==

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबताच व्हील सिलिंडर हे शू बाहेर ढकलतो व त्यांवरील लायनर ड्रमच्या आतील भिंतीवर घासतात. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून घेतो, त्यामुळे तो शू आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. या स्वयंवर्धक गुणामुळेच बूस्टर नसतानाही जुनी जीप पायाच्या जोरावर थांबू शके.

अडचण उष्णतेची आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी १,५०० किलोग्रॅम वजनाची जीप थांबविताना सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. तीच जीप ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ७३ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा कोठे तरी खर्ची पडावी लागते. म्हणजे एका घाटाचा भार ६० च्या वेगावरून ३५ वेळा थांबण्याइतका होतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास यातील मोठा वाटा इंजिन उचलते. न ठेवल्यास सारा भार ब्रेकवर येतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरचे घर्षण कमी होते आणि पेडल खोल जाऊ लागते. विलीस जीपचे मूळ ड्रम केवळ ९ इंच व्यासाचे असल्याने ही अवस्था लवकर येते.

दुसरी अडचण पाण्याची. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी व चिखल अडकून राहतो आणि पुढील काही अंतर ब्रेक जवळजवळ लागत नाही. कधी एकाच बाजूचे लायनर आधी सुकते व गाडी त्या बाजूस ओढली जाते. डिस्क उघडी असल्याने पाणी फेकून देते. तापल्यावर ती पॅडपासून दूर न जाता किंचित जाड होऊन पॅडच्याच दिशेने सरकते.

== डिस्क ब्रेकची पूर्वपीठिका ==

इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले होते. तथापि या ब्रेकला खरी प्रतिष्ठा १९५३ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वार सी-टाइपच्या विजयाने लाभली. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते.

== यांत्रिक जुळवणी ==

विलीस जीपच्या हबवर चाकाचे पाच बोल्ट असून त्यांच्या वर्तुळाचा व्यास ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर आहे. सुझुकी समुराई व मारुती जिप्सी यांचेही माप हेच आहे. म्हणून या गाड्यांच्या डिस्क व कॅलिपर जुन्या जीपवर बसविण्याची पद्धत रूढ झाली. बोल्टांचे वर्तुळ जुळले म्हणजे सर्व जुळले, असे मात्र नाही. डिस्कच्या मधल्या छिद्राचा व्यास, हबची खोली आणि कॅलिपर कोठे येतो, हे प्रत्येक वाहनात मोजून पाहावे लागते.

चाकाचे बोल्ट ड्रम आणि हब यांना एकत्र धरून दाबून बसविलेले असतात. ते दाबयंत्राने काढून ड्रम वेगळा केला जातो व डिस्क हबवर बसविली जाते. ज्या बोल्टांनी ब्रेकची पाठपट्टी व स्पिंडल नकलला जोडलेली असतात, त्याच बोल्टांवर कॅलिपरचा कंस येतो. जोरात ब्रेक लावल्यावर चाकाचा सर्व पीळ या कंसावरच येत असल्याने तो पुरेशा जाडीच्या पोलादाचा व अचूक भोकांचा असणे आवश्यक आहे. रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये उरल्यासुरल्या पट्टीतून कापून वेल्डिंग केलेला कंस हा या संपूर्ण कामातील सर्वांत धोक्याचा भाग मानावा.

डिस्क बसविल्यावर ती फिरताना किती डोलते हे डायल गेजने तपासतात. हबच्या पृष्ठावर गंजाचा कण राहिला तरी डिस्क डोलते. चाकाचे बेअरिंग सैल असल्यास डोलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते व पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबात खाली जाते. जुन्या जीपमध्ये हा दोष वारंवार आढळतो आणि बहुधा त्याचे खापर मास्टर सिलिंडरवर फोडले जाते.

कॅलिपरमधील हवा काढण्याची निपल नेहमी वरच्या टोकास आली पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसविल्यास निपल खाली येते, हवा वर अडकून राहते आणि कितीही वेळा ब्लीडिंग केले तरी पेडल मऊच लागते. ब्रेकचा लवचीक पाइप स्टिअरिंग दोन्ही टोकांस पूर्ण वळवून आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत ठेवून तपासावा. मूळ चाकाच्या रिमला कॅलिपर घासत नाही ना, हेही चाक हाताने फिरवून पाहावे.

== द्रवचालित रचनेतील बदल ==

रूपांतराचा कठीण भाग येथे आहे. मूळ जीपचा मास्टर सिलिंडर जमिनीच्या पत्र्याखाली, चालकाच्या पायाशी असतो. त्याला एकच कप्पा व एकच मार्ग असतो. एका चाकाचा पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यामुळे पुढील व मागील चाकांसाठी स्वतंत्र मार्ग असलेला जोड मास्टर सिलिंडर बसविणे, ही सुधारणा प्रत्यक्ष डिस्कपेक्षाही अधिक मोलाची आहे. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते आधी येथे खर्च करावेत.

मोठ्या कप्प्याची गरज वेगळ्या कारणाने निर्माण होते. ड्रम ब्रेकचे लायनर झिजले की शू हाताने पुढे आणले जातात. डिस्कमध्ये ती सोय नसते. पॅड झिजतील तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो व मागची जागा ब्रेक ऑइल भरून काढते. ५१ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर असते. दोन्ही पॅड मिळून १६ मिलिमीटर झिजले तर एका चाकाला सुमारे ३२ घन सेंटिमीटर, म्हणजे दोन चाकांना ६४ घन सेंटिमीटर द्रव जास्त लागतो.

ड्रमच्या मार्गात शेषदाब-झडप असते. ती सुमारे १० पौंड प्रति चौरस इंच दाब कायम राखते. हीच झडप डिस्कच्या मार्गात राहिली तर पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात व तापतात. म्हणून ती काढली जाते. मास्टर सिलिंडर पत्र्याखालीच, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर ठेवला असल्यास द्रव परत ओघळू नये यासाठी २ पौंडांची झडप बसवितात.

डिस्कला स्वयंवर्धक गुण नसल्याने पायाचा जोर अधिक लागतो. त्यासाठी निर्वात बूस्टर जोडतात. पेट्रोल इंजिनात निर्वात दाब मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नसल्याने निर्वात पंप आवश्यक ठरतो. अनेक भारतीय डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरवरच असतो.

मागे ड्रम ठेवल्यास पुढील-मागील समतोल साधावा लागतो. विलीसच्या दोन ॲक्सलमधील अंतर केवळ ८० इंच आहे. जोरात ब्रेक लावताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होऊन आधी अडकतात व गाडी गरकन फिरू शकते. मागील मार्गात समायोज्य प्रमाण-झडप बसवून मोकळ्या, सपाट जागी कमी वेगापासून चाचणी घेत ती जुळवितात.

== हँडब्रेक ==

सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. म्हणून चाकांच्या ब्रेकमधील बदलाने तो बाधित होत नाही. ज्या वाहनांचा हँडब्रेक मागील ड्रमवर चालतो, तेथे मागे डिस्क बसविल्यास तो नाहीसा होतो. त्याची पर्यायी सोय केल्याशिवाय असे वाहन उतारावर उभे करता येत नाही.

== ब्रेक ऑइल ==

कोरड्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० अंश असतो. हवेतील आर्द्रता शोषल्यावर ते अनुक्रमे १४० व १५५ अंशांपर्यंत उतरतात. जुने द्रव नव्या कॅलिपरमध्ये वापरू नये. सिलिकोनयुक्त डॉट ५ या दोहोंत मिसळू नये.

== कायदेशीर बाजू ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली. ब्रेकविषयक तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९६ मध्ये आहेत. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे व विमा कंपनीस कळविणे हिताचे आहे.

== पर्याय ==

वाहनाचे ऐतिहासिक रूप जपू इच्छिणारे संग्राहक बहुधा डिस्क टाळतात. ते पुढील काळातील किंवा मोठ्या जीपचे ११ इंची ड्रम आणि जोड मास्टर सिलिंडर बसवितात. त्याने पाण्याची अडचण सुटत नाही. मात्र थांबण्याची क्षमता वाढते, दुहेरी मार्गाची सुरक्षितता मिळते आणि बाहेरून गाडी मूळचीच दिसते.