पियानो संगणकातला, परीक्षा कानाची

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मैफलीचा मोठा पियानो चढवायचा म्हटले तर? लांबी सुमारे पावणेतीन मीटर, वजन जवळजवळ ५०० किलो! बिचारा जिन्यातच अडकेल. आज मात्र हाच पियानो संगणकात मावतो. संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबा. आत ना तार, ना हातोडी, तरी सूर पियानोचाच! अशी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. काही फुकट, काही बरीच महाग. त्यांतले चांगले कोणते, हे कसे ठरवाल?

आधी त्यांची रीत पाहू. पहिली रीत ध्वनिमुद्रणाची. खऱ्या पियानोची प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून सूर साठवतात. हिशेब करा : पट्ट्या ८८, जोराच्या १० पातळ्या, पेडल दाबून व न दाबता. झाली १,७६० मुद्रणे. प्रत्येक २० सेकंदांचे, सीडीच्या दर्जाचे धरले तर सुमारे ६ गिगाबाइट जागा लागेल.

दुसरी रीत गणिताची. फ्रान्समध्ये तयार झालेले व २००६ साली आलेले ‘पियानोटेक’ सूर साठवत नाही. तार, हातोडी, लाकडी फळी यांच्या समीकरणांतून त्याच क्षणी घडवते. त्यामुळे त्याला फारच थोडी जागा पुरते.

पण हातोडी तारेवर आदळते तेव्हा नेमके काय घडते? सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही या प्रश्नाने ओढले होते. कलकत्त्यात अभ्यास करून १९२० साली त्यांनी सहकाऱ्यासह त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हातोडीवर लोकरीचा नमदा असतो. जोरात आदळला की तो दबून कडक होतो आणि सुरातले उच्च उपस्वर वाढतात. म्हणून जोराचा सूर नुसता मोठा नसतो, अधिक झळाळता असतो.

यातूनच पहिली कसोटी मिळते. एकच पट्टी हळू व जोरात वाजवा. सुराचा पोत बदलतो, की फक्त आवाज वाढतो? दुसरी कसोटी अनुनादाची. खालच्या सप्तकातील ‘सा’ आवाज न होऊ देता दाबून धरा, वरचा ‘सा’ टचकन वाजवून सोडा. खऱ्या पियानोत खालची मोकळी तार वरच्या सुरात गुणगुणत राहते. सॉफ्टवेअरमध्ये ती ऐकू येते का?

आता सापळा! आवाज किंचित मोठा असला की कानाला तो भरदार वाटतो. कमी आवाजात खर्जाचे सूर कानाला अधिकच क्षीण भासतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवले. तेव्हा दोन्ही पियानोंवर एकच धून वाजवा, हेडफोन तोच ठेवा, आवाजाची पातळी सारखी करा.

नावाचा आणि किमतीचा प्रभावही टाळायला हवा. दोन्ही पियानो ओळखीचे झाले की पडद्याकडे पाठ करून बसा. मित्राने नाणे उडवावे. छाप आली तर पहिला, काटा आला तर दुसरा वाजवावा. असे दहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ पैकी फक्त ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेवढी आली तर तुमच्या कानाला फरक खरोखर कळतो.

पाच-सहाच बरोबर आली तर? तर महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नका!