रत्नागिरी

रत्नागिरी : महाराष्ट्र राज्यातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व अरबी समुद्रावरील बंदर. लोकसंख्या सु. ७६,००० (२०११). शहर काजळी नदीच्या मुखाशी, भाट्ये खाडीच्या उत्तरेस जांभ्या दगडाच्या भूमीवर वसले आहे. पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस समुद्र यांमुळे ते दीर्घकाळ खुष्कीच्या मार्गाने दुर्गम राहिले. शहराच्या इतिहासाला या दुर्गमतेनेच विशिष्ट वळण दिले.

तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला रत्नदुर्ग हे येथील सर्वांत जुने महत्त्वाचे स्थळ. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून त्यात भगवती देवीचे मंदिर आहे. आदिलशाही, मराठे, आंग्रे व पेशवे यांच्या अमलानंतर १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे ठाणे प्रथम बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते अधिक मध्यवर्ती म्हणून रत्नागिरीस हलविण्यात आले आणि कचेऱ्या, तुरुंग व शाळा यांमुळे गावाला शहराचे रूप आले. नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली.

तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास १८८६ मध्ये कुटुंबासह येथे आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला. तथापि मायदेशी परतण्याची संधी न मिळताच १९१६ मध्ये त्याचे येथे निधन झाले. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व अखेरपर्यंत येथेच राहिली. थिबाची समाधी शहरात असून २०१२ मध्ये म्यानमारच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला भेट दिली.

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील शिक्षक होते. त्यांच्या बदलीमुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास गेले. टिळक आळीतील त्यांचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. पुढे राजद्रोहाच्या शिक्षेत टिळकांना १९१४ पर्यंत थिबाच्याच राजधानीत, मंडाले येथे ठेवण्यात आले. त्या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत, तर रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत बंदिवासात होता.

अंदमानातून आणलेले वि. दा. सावरकर यांची १९२४ मध्ये तुरुंगातून सुटका झाली. परंतु राजकारणात भाग न घेण्याच्या व जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटींवर त्यांना १९३७ पर्यंत रत्नागिरीत राहावे लागले. या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारण, सहभोजने व मंदिरप्रवेश यांची चळवळ चालविली. जातिभेद न मानता सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभे राहिले. त्याचा खर्च मूळचे रत्नागिरीचे व मुंबईत बांधकाम-व्यवसायात नावारूपास आलेले दानशूर भागोजी कीर यांनी केला. सावरकर व डॉ. आंबेडकर यांचे चरित्रकार धनंजय कीर (१९१३–८४) हेही रत्नागिरीचेच.

सत्तेने माणसे येथे आणून ठेवली, तर पोटासाठी येथील माणसांना बाहेर जावे लागले. शेतजमीन अल्प व निकृष्ट असल्याने असंख्य तरुण मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेले आणि चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडची घरे चालली. आगबोटी हे त्यांच्या प्रवासाचे प्रमुख साधन होते. पावसाळ्यात तोही मार्ग बंद राही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यावर शहर प्रथमच लोहमार्गाने मुंबई व गोव्याशी जोडले गेले. गणेशोत्सव व शिमगा या सणांना चाकरमानी आवर्जून परततात. शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी निघते.

हापूस आंबा, काजू व मासेमारी हे अर्थव्यवस्थेचे मुख्य आधार होत. मिरकरवाडा हे मच्छीमारीचे गजबजलेले बंदर आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले. शहरात १९४५ मध्ये स्थापन झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय व मत्स्यविषयक संशोधन केंद्र आहे. रत्नदुर्ग, दीपगृह, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान व पतितपावन मंदिर ही येथील प्रमुख प्रेक्षणीय स्थळे होत.