पानफुटी सकाळी आंबट का?

पानफुटीचे जाड पान ओल्या मातीवर ठेवले, की त्याच्या कडेवरच्या खाचांतून नवी रोपे फुटतात, हे तुम्ही पाहिले असेल. हेच पान सकाळी आंबट लागते, पण दुपारपर्यंत आंबटपणा जातो! भारतात राहिलेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांचे हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले.

बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. पानफुटीची मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे बाष्पाबरोबर पाणी कमी जाते. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो. म्हणून सकाळचे पान आंबट! दिवसा तो वायू मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्यापासून शर्करा बनते.

यावरून घरातल्या पानफुटीची निगा कशी राखावी ते कळते. कुंडी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. प्रकाश अपुरा पडला, तर खोड लांबट व कमजोर होते. मातीत वाळू मिसळा. कुंडीच्या तळाला भोक हवेच. माती वाळल्यावरच पाणी घाला, नाहीतर मुळे कुजतात.

पानाचा रस सकाळी व संध्याकाळी सामूदर्शक कागदावर टाकून रंग ताडून पाहा. चाखू मात्र नका. त्यात विषारी द्रव्ये असतात.