हळदीचा कागद

तुळजापुरात महाद्वाराकडे जाताना दोन्ही बाजूंना हळदी-कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा आणि परड्या मांडलेल्या असतात. प्राथमिक शाळेच्या विज्ञानाला लागणारं बरंचसं सामान या गल्लीत आहे, असं मी आता ठामपणे म्हणतो. तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, चौथीच्या वर्गात बसून मी ते वापरलं जाताना पाहिलं.

चौथीला विज्ञान नावाचा वेगळा विषय नसतो. ‘परिसर अभ्यास’ असतो. ‘सामान्य विज्ञान’ सहावीपासून. आम्ल, आम्लारी हे शब्द तर आठवीत भेटतात. बाईंना त्याची घाई नव्हती. त्यांनी आदल्या दिवशी मुलांकडून कोरे कागद हळदीच्या पाण्यात भिजवून घेतले होते आणि वर्गातच दोरीवर वाळत घातले होते. बाहेर उन्हात का नाही, असं एकीनं विचारलं, तेव्हा बाईंनी दोन पट्ट्या बाहेर ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या आतल्यांपेक्षा फिक्या दिसत होत्या. हळदीचा रंग उन्हात विटतो, हे सांगण्यात त्यांनी एक वाक्यही खर्च केलं नाही.

मग सतरंजीवर वाट्या मांडल्या गेल्या. लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, साबणाचं पाणी, खाण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी. निवळीची वाटी बाईंनी स्वतःजवळ ठेवली. चुना डोळ्यात गेला तर इजा होते. “आधी अंदाज लिहायचा, मग पट्टी बुडवायची,” एवढाच नियम. अंदाज चुकला म्हणून खोडायचा नाही, हा त्याच नियमाचा भाग. माझ्या मते सगळा तास या एका नियमावर उभा होता. अंदाज कागदावर उतरला की मूल त्यात गुंततं. मग पट्टीचा रंग ही त्याची स्वतःची गोष्ट होते.

निवळीत पट्टी लालभडक झाली आणि गलका उडाला. साबणातही लाल. “आईच्या साडीवर कालवण सांडलं, तवा साबण लावला तर असाच डाग झाला हुता,” एक मुलगा म्हणाला. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

खाण्याच्या सोड्यापाशी गाडी अडली. एका गटानं ‘लाल’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘पिवळाच’, तिसऱ्यानं ‘केशरी’. बरोबर कोणतं, म्हणून सगळे बाईंकडे बघायला लागले. इथं बहुतेक शिक्षक उत्तर देऊन टाकतात. वेळ कमी असतो, पुढे गणित असतं, दोन-दोन वर्ग सांभाळायचे असतात. बाई म्हणाल्या, “परत करा.” मुलांनी सोडा वाढवला. तरी केशरीच. मग कुणीतरी धुण्याचा सोडा आणला, त्यात पट्टी सरळ लाल झाली. हळदीतलं कर्क्युमिन साधारण 7.4 ते 8.6 सामूच्या दरम्यान रंग पालटतं आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी 8.3 च्या आसपास असतं, म्हणजे अगदी वेशीवर. तिन्ही गटांनी जे पाहिलं ते लिहिलं होतं. हे आकडे मुलांना नंतर केव्हाही कळतील. पण ‘केशरी’ हेही लिहिण्याजोगं उत्तर असतं, हे नवव्या वर्षी कळणं मला फार मोलाचं वाटतं.

तासातला सर्वांत चांगला प्रश्न मागे बसलेल्या एका मुलीनं विचारला. लिंबातही पट्टी पिवळी, साखरेच्या पाण्यातही पिवळी. मग लिंबू आणि साखर सारखेच का? हळदीच्या कागदाची ही खरी मर्यादा आहे. तो आम्लारी ओळखतो. आम्ल आणि साधं पाणी यांत फरक करत नाही. बाईंनी तिलाच विचारलं, “काय करून बघता येईल?” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, निवळीतली लाल पट्टी घेऊन बघू. लाल पट्टी साखरेच्या पाण्यात लालच राहिली; लिंबात टाकताच पिवळी झाली. चिंचेत पिवळी, ताकात जरा उशिरानं पिवळी. एका मुलीनं एका कागदाचे दोन कागद केले होते. 1815 साली फोगल आणि पेलतिए यांनी हळदीतून रंगद्रव्य वेगळं काढलं, पुढे युरोपातल्या प्रयोगशाळांत हळदीचे कागद वर्षानुवर्षं वापरले गेले. काम हेच होतं.

कुंकवाची गोष्ट निघणार होतीच. काहींच्या घरचा व्यवसायच तो. देव्हाऱ्यातलं कुंकू वाटीत कालवायला मुलं बिचकली, तेव्हा बाईंनी लगेच नवी पुडी उघडली. श्रद्धेशी वाद घालून विज्ञान शिकवता येत नाही आणि त्याची गरजही नसते. कुंकवावर लिंबू पिळलं, लाल तसंच राहिलं. जुन्या पद्धतीत हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन कुंकू करतात. तो लाल रंग लिंबानं जात नाही. आजच्या पुष्कळ पुड्यांत रंग वेगळाच असतो, तोही जात नाही. म्हणजे एवढ्या चाचणीवरून काही ठरत नाही. बाईंनी तसंच सांगितलं आणि कुंकू करणाऱ्या कुणाला तरी वर्गात बोलवायचं ठरलं.

अशा शिकवण्याला आपल्याकडे जुनी वाट आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम खेड्यातल्या शाळांत याच रीतीनं सुरू झाला. मुंबईत 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. तरीही दर शाळेत ते एका शिक्षकाच्या हिमतीवर अवलंबून राहतं.

बाईंचा पुढचा बेत सावलीचा आहे. तुळजापूर 18 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: 12 मेच्या आसपास आणि जुलै सरताना. जुलैत आभाळ असतं, मेमध्ये सुट्टी. म्हणून त्या सुट्टीचाच अभ्यास देणार आहेत: अंगणात पाण्याची बाटली उभी ठेवायची, दुपारी 12 वाजून 22 मिनिटांच्या सुमाराला सावली बघायची आणि आधीचे-नंतरचे चार दिवसही नोंदवायची. मी विचारलं, सुट्टीत मुलं करतील का? त्या म्हणाल्या, वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हिवाळ्यातले सगळे प्रयोग त्यांचे बुडतात. “मे महिन्यात ती घरी असतात. हा प्रयोग त्यांच्यासाठी आहे.”