तुर्कस्तानची चाला

(टेनिस हा जगभर खेळला जाणारा खेळ आहे. पण प्रत्येक देशात त्याची परंपरा सारखीच जुनी नाही. जिथे वाट तयार नसते, तिथे कुणीतरी आधी चालावे लागते. तुर्कस्तानच्या अशाच एका खेळाडूची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही 'तोप' हा उर्दू शब्द रोज ऐकता. मराठीत आपण 'तोफ' म्हणतो. हा शब्द मूळचा तुर्की भाषेतला आहे. गंमत अशी, की तुर्की भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ तोफ आणि दुसरा अर्थ चेंडू! 'उर्दू' हे नावही तुर्की भाषेतूनच आले आहे. तुर्कीत 'ओर्दू' म्हणजे सैन्य. म्हणजे तुर्कस्तान आपल्यापासून दूर असला, तरी त्याचे कितीतरी शब्द आपल्या घरात राहतात. आज आपण त्या देशातल्या एका मुलीची गोष्ट वाचणार आहोत. तिच्या हातात तोफ नव्हती. होती फक्त एक रॅकेट.

तिचे नाव चाला ब्युयुकाकचाय. नाव वाचताना जीभ अडखळते, नाही का? ते तोडून वाचले की सोपे होते. 'ब्युयुक' म्हणजे मोठा, 'आक' म्हणजे पांढरा आणि 'चाय' म्हणजे ओढा. तुर्की लिपीत 'चाला' या नावाच्या मधोमध 'ग'सारखे एक अक्षर लिहितात, पण त्याचा उच्चार करत नाहीत. त्याच्या आधीचा स्वर फक्त लांबवतात. तुर्कीत 'चाला' म्हणजे हिरवा, कोवळा बदाम. मराठीत मात्र 'चाला' म्हणजे 'चालत राहा'! दोन्ही शब्दांतल्या 'च'च्या उच्चारात थोडा फरक आहे. पण या मुलीच्या आयुष्याला मराठीतला अर्थही चांगला शोभतो.

चालाचा जन्म 28 सप्टेंबर 1989 रोजी अदाना येथे झाला. अदाना हे दक्षिण तुर्कस्तानातले मोठे शहर. सेहान नदीच्या काठी ते वसले आहे. नदीवर रोमन लोकांच्या काळातला दगडी पूल अजून उभा आहे. आजूबाजूच्या सपाट प्रदेशात कापूस पिकतो. चाला लहानपणीच टेनिस खेळू लागली. पुढे ती इस्तंबूलला आली आणि तिथल्या 'एन्का' या क्रीडासंस्थेकडून खेळू लागली. अदानापासून इस्तंबूल सुमारे नऊशे किलोमीटर दूर आहे.

त्या काळी तुर्कस्तानातल्या मुलांना कोणते खेळाडू ठाऊक असत? फुटबॉल हा तिथला सर्वांत लाडका खेळ. कुस्तीचीही जुनी परंपरा आहे. वजन उचलण्याच्या खेळात नईम सुलेमानोलू याने 1988, 1992 आणि 1996 अशा लागोपाठ तीन ऑलिम्पिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली होती. त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते. पण टेनिसमध्ये असे एकही नाव नव्हते. एखाद्या मुलीने 'मी टेनिसपटू होणार' असे म्हटले, तर 'कुणासारखी?' या प्रश्नाला तिच्याजवळ आपल्या देशातले उत्तर नसे.

चालाच्या आधी काही जणांनी ही वाट थोडी मळली होती. इपेक शेनोलू ही तिच्याहून दहा वर्षांनी मोठी खेळाडू. तिने व्यावसायिक टेनिसमध्ये पाऊल टाकले आणि दुहेरीच्या जागतिक यादीत पहिल्या शंभरात स्थान मिळवले. पुरुषांमध्ये मार्सेल इल्हान पुढे आला. त्याचा जन्म उझबेकिस्तानातल्या समरकंदचा. तो तरुणपणी तुर्कस्तानात आला आणि 2009 साली अमेरिकन खुल्या स्पर्धेत मुख्य फेरीचा सामना जिंकला. पण महिलांच्या एकेरीत मोठे यश अजून कुणालाच मिळाले नव्हते.

हे यश एवढे अवघड का असते? त्यासाठी व्यावसायिक टेनिसची रीत समजून घ्यायला हवी. ती एका उंच शिडीसारखी आहे. शिडीच्या तळाशी लहान स्पर्धा असतात. त्या लहान लहान गावांत भरतात. तिथे प्रेक्षक थोडे आणि बक्षिसाची रक्कमही थोडी. कित्येकदा जिंकलेल्या पैशांतून प्रवासाचा, राहण्याचा आणि प्रशिक्षकाचा खर्चही निघत नाही. शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर महिला टेनिस संघटनेच्या मोठ्या स्पर्धा असतात. सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम स्पर्धा: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन.

खेळाडूला प्रत्येक स्पर्धेत तिच्या कामगिरीप्रमाणे गुण मिळतात. त्या गुणांवरून दर आठवड्याला जागतिक क्रमांक ठरतो. ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य फेरीत 128 खेळाडू असतात. ज्यांचा क्रमांक साधारण पहिल्या शंभरात असतो, त्यांना थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना आधी पात्रता फेरी खेळावी लागते. तिथे लागोपाठ तीन सामने जिंकले, तरच मुख्य फेरीचे दार उघडते. एक सामना हरला की घरी परत! चालाने या दारावर अनेकदा धडक दिली. दार उघडले नाही. ती पुन्हा लहान स्पर्धांकडे वळली, पुन्हा गुण मिळवू लागली. अशी वर्षांमागून वर्षे गेली.

याच काळात इस्तंबूल शहरात मात्र टेनिसचे वारे वाहू लागले होते. 2005 मध्ये तिथे 'इस्तंबूल कप' ही महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेची व्हीनस विल्यम्स तिथे जिंकली. पुढे 2011 ते 2013 अशी तीन वर्षे जगातल्या सर्वोत्तम आठ महिला खेळाडूंची वर्षअखेरची स्पर्धाही इस्तंबूलमध्ये भरली. दूरदर्शनच्या पडद्यावर दिसणाऱ्या खेळाडू आता तुर्की मुलामुलींना डोळ्यांसमोर खेळताना दिसू लागल्या. पण या स्पर्धांत विजेतेपदाचा चषक नेहमी परदेशी खेळाडूच घेऊन जात. यजमान टाळ्या वाजवत आणि पाहुणे बक्षीस नेत!

मग 2016 चा एप्रिल महिना उजाडला. इस्तंबूल कप लाल मातीच्या मैदानावर खेळला जात होता. चालाचे वय 26 वर्षे होते. जागतिक यादीत तिचा क्रमांक शंभराच्या बाहेर होता. या वयापर्यंत पहिल्या शंभरात न पोहोचलेल्या खेळाडूकडून लोक फारशी अपेक्षा ठेवत नाहीत. पण चाला एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोहोचली.

अंतिम सामना 24 एप्रिलला होता. आदल्याच दिवशी, 23 एप्रिलला, तुर्कस्तानात राष्ट्रीय बालदिन साजरा होतो. त्या दिवशी सगळ्या देशात मुलांचा उत्सव असतो. दुसऱ्या दिवशी चालासमोर माँटेनेग्रो देशाची डँका कोविनिच उभी होती. महिलांच्या सामन्यात जास्तीत जास्त तीन डाव असतात. त्यांतले दोन जिंकणारी विजयी ठरते. डावाला टेनिसमध्ये 'सेट' म्हणतात. पहिला सेट चालाने 3-6 असा गमावला. आता आणखी एक सेट हरला असता, तर सारे संपले असते. पण दुसरा सेट तिने 6-2 असा जिंकला. तिसरा सेटही तिने 6-3 असा घेतला. महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली तुर्की महिला ठरली. तेही परदेशात नव्हे, आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर!

त्याच स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपदही एका तुर्की मुलीला मिळाले. इपेक सोयलू हिने रुमानियाच्या आंद्रेआ मितू हिच्या जोडीने ते जिंकले. यजमानांच्या घरात एकाच वर्षी दोन बक्षिसे राहिली.

हे वाचताना तुम्हांला आपल्याकडची एक आठवण येईल. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादमध्ये वाढलेली सानिया मिर्झा 2005 साली हैदराबादच्याच स्पर्धेत जिंकली होती. अशी एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. दोन देश वेगळे, दोन मुली वेगळ्या. पण दोघींना पहिले मोठे यश आपल्या घरच्या मैदानावरच मिळाले. आपल्या शहरात स्पर्धा भरली, तर आपल्या खेळाडूंना संधी मिळते, हे या दोन्ही उदाहरणांवरून कळते.

इस्तंबूलच्या विजयाचे चालाला 280 गुण मिळाले. त्यामुळे ती जागतिक यादीत पहिल्या शंभरात गेली. एकेरीत असा मान मिळवणारी तीच पहिली तुर्की महिला. आता फ्रेंच स्पर्धेत थेट प्रवेश मिळेल, असे कुणालाही वाटेल. पण तसे झाले नाही. ग्रँड स्लॅमची यादी स्पर्धेच्या साधारण सहा आठवडे आधीच ठरते. ती ठरली तेव्हा चाला इस्तंबूलला जिंकायची होती! म्हणून तिला पुन्हा त्याच जुन्या दारापाशी, पात्रता फेरीत, उभे राहावे लागले. चालाने तक्रार केली नसेल असे नाही; पण मैदानावर तिने उत्तर दिले. तिने पात्रता फेरीतले तिन्ही सामने जिंकले. मग मुख्य फेरीत बेलारूसच्या अलियाक्सांद्रा सास्नोविचला हरवले आणि दुसरी फेरी गाठली.

1968 पूर्वी ग्रँड स्लॅम स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंनाच खेळता येत असे. त्या वर्षापासून व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळाला. त्या काळाला टेनिसचे 'खुले युग' म्हणतात. या युगात ग्रँड स्लॅमच्या एकेरीचा मुख्य सामना जिंकणारी पहिली तुर्की महिला म्हणजे चाला. त्याच वर्षी ती विम्बल्डनच्या मुख्य फेरीत खेळली आणि रिओ येथील ऑलिम्पिक स्पर्धेतही उतरली. सप्टेंबर 2016 मध्ये तिचा जागतिक क्रमांक 60 झाला. हे तिच्या कारकिर्दीतले सर्वांत वरचे स्थान.

गोष्ट इथेच संपली असती, तर ती परीकथा झाली असती. पण टेनिसचा हिशोब कडक असतो. मिळालेले गुण 52 आठवडेच टिकतात. पुढच्या वर्षी तेवढेच यश पुन्हा मिळवले नाही, तर ते गुण खात्यातून निघून जातात. 2017 मध्ये चालाच्या बाबतीत असेच झाले. ती पुन्हा पहिल्या शंभराच्या बाहेर गेली. ज्या लहान स्पर्धांतून ती वर आली होती, त्याच स्पर्धांत तिला परत जावे लागले.

वर चढणे अवघड असते, पण एकदा वर पोहोचल्यावर पुन्हा खालून सुरुवात करणे त्याहूनही अवघड. अनेक जण अशा वेळी खेळ सोडतात. चालाने सोडला नाही. तिशी ओलांडल्यावरही ती खेळत राहिली. तुर्कस्तानच्या संघातून ती वर्षानुवर्षे देशासाठी खेळली. त्या सांघिक स्पर्धेला पूर्वी 'फेड कप' म्हणत. आता तिचे नाव 'बिली जीन किंग कप' आहे.

चालाने काय मिळवले, हे फक्त तिच्या क्रमांकावरून कळणार नाही. जगात 60 वा क्रमांक म्हणजे तिच्या पुढे आणखी 59 जणी होत्याच. तिचे मोल वेगळे आहे. इस्तंबूलमध्ये 2002 साली जन्मलेली झेनेप सोन्मेझ ही मुलगी त्या विजयाच्या वेळी चौदा वर्षांचीही झाली नव्हती. 2024 मध्ये झेनेपने मेक्सिकोतल्या मेरिदा येथील स्पर्धा जिंकली. महिला टेनिस संघटनेचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती दुसरी तुर्की महिला ठरली. 2025 मध्ये तिने विम्बल्डनची तिसरी फेरी गाठली. तिथवर चाला कधी पोहोचली नव्हती. पण 'मी टेनिसपटू होणार' असे म्हणणाऱ्या तुर्की मुलीला आता कुणी 'कुणासारखी?' असे विचारले, तर तिच्याजवळ उत्तर आहे.

डोंगरातल्या पायवाटा तुम्ही पाहिल्या असतील. त्या कुणी नकाशा काढून बांधलेल्या नसतात. आधी एक जण काट्यांतून जातो. मग दुसरा त्याच्या पावलांवर पाऊल ठेवतो. हळूहळू गवत दबते आणि वाट दिसू लागते. पहिल्या माणसाला सर्वांत जास्त काटे टोचतात. पण वाट त्याच्यामुळेच होते.

स्वाध्याय

1. 'तोप' या शब्दाचे तुर्की भाषेत कोणते दोन अर्थ आहेत?
2. इस्तंबूलला जिंकूनही चालाला फ्रेंच स्पर्धेची पात्रता फेरी का खेळावी लागली?
3. 2017 मध्ये चालाचा जागतिक क्रमांक का घसरला? टेनिसच्या गुणांची रीत सांगून उत्तर लिहा.
4. सानिया मिर्झा आणि चाला यांच्या यशात कोणते साम्य आहे?
5. 'पहिल्या माणसाला सर्वांत जास्त काटे टोचतात.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात एखादी गोष्ट सर्वांत आधी करणाऱ्या व्यक्तीविषयी आठ-दहा ओळी लिहा.