जिप्सीत एस्टीमचं इंजिन टाकलं, पण अ‍ॅव्हरेज कुठं गेलं?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून. "दादा, जुन्या जिप्सीत एस्टीमचं एमपीएफआय इंजिन बसवलं. पळते मस्त, पण लिटरला सातच देते. मेकॅनिक म्हणतो, चारही इंजेक्टर बदल." थांब रे भावा. पैसे खिशातच ठेव अजून.

जिप्सी १९८५ साली आली ती ९७० सीसीच्या कार्बोरेटर इंजिनवर. एस्टीमचं १२९८ सीसीचं. दोन्ही सुझुकीच्याच घरातले, म्हणून हा बदल आपल्याकडे इतका चालतो. पण कार्बोरेटरला डोकं नसतं, इंजेक्शनला असतं. ते डोकं म्हणजे ईसीयू. त्याला डोळे नाहीत. सेन्सर सांगतील ते खरं मानून तो पेट्रोल सोडतो. बसवाबसवीत एखादी वायर राहिली की तो फसलाच.

आधी सात हा आकडा खरा आहे का ते बघू. टाकी फुल्ल करा, गाडी फिरवा, त्याच पंपावर परत फुल्ल करा. आणि टायर बघा! २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टाकले असतील तर चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं. मीटर चारशे दाखवतो तेव्हा गाडी चारशे वीस धावलेली असते. म्हणजे थोडं अ‍ॅव्हरेज मीटरनंच खाल्लं. फोनचा जीपीएस लावून ताडून बघा.

आता चेक इंजिन लाइट. जुन्या जिप्सीच्या डॅशबोर्डवर तो नव्हताच, त्यामुळे इंजिन बदलताना ती वायर बरेचदा तशीच लोंबकळत राहते. ईसीयू बोंबलतोय आणि ऐकणारं कुणी नाही! एक बल्ब जोडून घ्या. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मात्र या इंजिनावर चालेलच असं नाही. आपल्याकडे ओबीडी-२ आलं २०१३ मध्ये. इथं लाइटचं लुकलुकणं मोजून कोड वाचायचा.

माझा सगळ्यात जास्त संशय आहे तो तापमानावर. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी सवय आहे. मग इंजिन पूर्ण तापतच नाही. ईसीयूला वाटतं, अजून सकाळच आहे, आणि तो चोक ओढल्यासारखं जास्त पेट्रोल देत राहतो. दिवसभर. दुसरी गंमत म्हणजे डॅशबोर्डचा काटा आणि ईसीयू, दोघांचे सेन्सर वेगळे असतात. काटा बरोबर मध्यावर असला तरी ईसीयूला खोटंच कळत असू शकतं. सेन्सरचं सॉकेट काढून मल्टिमीटर लावा. २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशाला तीनशेच्या आसपास यायला हवेत. इंजिन तापलेलं असून हजारभर दाखवत असेल, तर चोर सापडला. वायर पूर्ण तुटली असती तर निदान कोड तरी आला असता. अर्धवट बिघडलेला सेन्सर शांतपणे खिसा कापतो.

त्यानंतर मॅप सेन्सरचा रबरी पाइप. तो चिरला की ईसीयूला वाटतं गाडी घाट चढतेय. ऑक्सिजन सेन्सर नवीन सायलेन्सरमध्ये फार मागे बसवला असेल तर तो नीट तापत नाही. त्याच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू आणखी ओततो.

आता प्रेशर. इथं फक्त पैशाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. कार्बोरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी लागतं, इंजेक्शनला तीनच्या आसपास. जुना बारीक रिटर्न पाइप दबला असेल आणि प्रेशर तीनाचं चार झालं, तर प्रत्येक फवाऱ्यात साधारण पंधरा टक्के पेट्रोल जास्त जातं. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय. आणि पेट्रोलचे पाइप जर अजून कार्बोरेटरच्या काळातलेच असतील, तर आजच बदला. तीन बारला ते फुटतात, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय लांब जाऊ नका.

हे सगळं ठीक निघालं तर चाकं उचलून हातानं फिरवा. ब्रेक धरतोय का कळेल. तोही निर्दोष असेल तर मग इंजेक्टर काढा. आधी साफ करून बघायचे, नवे नंतर.

हो, आणि त्या भावाला एक विचारायचं राहिलंच. आरसी बुकवर नवीन इंजिन नंबर चढवलास का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच आणि आरटीओत जाऊन ये. तोवर ओहमचे आकडे व्हॉइस नोटवर पाठव.